एपिड्युरलनंतरची डोकेदुखी: होऊ नये म्हणून काय करावं आणि झाली तर लांबू नये म्हणून काय करावं

एपिड्युरल (कळांच्या वेदना कमी करायला कंबरेत सुईने दिलेली भूल) देताना सुईचं टोक जिथे थांबवायचं असतं, तिथून ड्यूरा अवघ्या काही मिलिमीटरवर असतो. मेंदू आणि मज्जारज्जूभोवतीचं पाणी धरून ठेवणारं हे आवरण. सुई चुकून त्याच्या आत गेली की छिद्र पडतं आणि पाणी बाहेर झिरपू लागतं. हे पाणी एकूण साधारण १५० मिलिलिटर असतं. शरीर दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवं तयार करतं, तरी गळती चालू असेपर्यंत डोक्यातला दाब कमीच राहतो. बाळंतीण उठून बसली की मेंदूचा आधार कमी पडतो, आवरणं आणि त्यांतल्या रक्तवाहिन्या ताणल्या जातात, शिवाय कमी झालेल्या पाण्याची जागा भरायला रक्तवाहिन्या रुंदावतात. म्हणून बसल्यावर डोकं फुटेल असं दुखतं आणि आडवं झालं की थोड्या वेळात उतरतं.

दर १०० एपिड्युरलमागे साधारण एकीच्या बाबतीत असं छिद्र पडतं, आणि छिद्र पडलेल्यांपैकी निम्म्या किंवा त्याहून जास्त जणींना डोकेदुखी होते. इतकं मोठं प्रमाण सुईच्या जाडीमुळे. एपिड्युरलची टुही सुई १६ ते १८ गेजची, म्हणजे सुमारे १.३ ते १.६५ मिलिमीटर जाड असते. सिझेरियनसाठी स्पायनल (ड्यूराच्या आतल्या पाण्यात दिलेली भूल) देतात ती २५ किंवा २७ गेजची सुई अर्धा मिलिमीटर किंवा त्याहून बारीक असते. स्पायनलमध्ये ड्यूरा मुद्दामच भेदतात, तरीही तिथे ही डोकेदुखी फार कमी जणींना होते.

ही डोकेदुखी टाळण्याची खरी संधी सुई आत जाते त्या काही मिनिटांत असते. त्यानंतर हाती उरतं ते लक्षणं लवकर ओळखणं, ती लगेच सांगणं आणि उपचाराला उशीर न करणं. सपाट झोपवून ठेवणं, उशी काढून घेणं, बळेबळे पाणी पाजणं या रूढ उपायांनी छिद्र बुजत नाही. त्यांचा त्रास मात्र बाळंतिणीला होतो.

सुई लावण्याआधी

एपिड्युरल घ्यायचं ठरलं असेल तर भूलतज्ज्ञांची भेट कळा सुरू होण्याआधीच, गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत घ्यावी. त्या भेटीत या गोष्टी न विचारता सांगाव्यात: मायग्रेन किंवा वारंवार डोकं दुखण्याचा इतिहास, आधीच्या बाळंतपणात पाठीतल्या सुईनंतर झालेली डोकेदुखी, पाठीच्या कण्याचा बाक, मणक्याचं ऑपरेशन, रक्तस्रावाचा आजार, रक्त पातळ करणारी औषधं आणि त्यांचा शेवटचा डोस कधी घेतला ती वेळ. कण्याला बाक असेल किंवा मणके हाताला लागत नसतील तर पाठीची सोनोग्राफी करून मधली रेषा, योग्य फट आणि त्वचेपासूनची अंदाजे खोली आधीच काढता येते. खोली माहीत असली की कुठे सावध व्हायचं ते सुई धरणाऱ्याला कळतं. बहुतेक जणींमध्ये ही खोली ४ ते ६ सेंटिमीटर असते.

कळा असह्य होईपर्यंत थांबू नये. दर दोन मिनिटांनी जोराची कळ येत असताना स्थिर बसणं कठीण जातं, आणि सुई ड्यूराजवळ असताना बाळंतीण दचकली तर त्या काही मिलिमीटरचं अंतर क्षणात संपतं. एपिड्युरल हवंच असेल तर कळा सोसवतात तेव्हाच सांगावं.

सुई लावताना

बसण्याची पद्धत साधी असली तरी तिच्यावर बरंच अवलंबून आहे. पलंगाच्या कडेला बसावं, पाय स्टुलावर टेकवावेत, पोटाशी उशी धरावी, खांदे सैल सोडावेत, हनुवटी छातीकडे न्यावी आणि कंबरेचा भाग मागे, डॉक्टरांच्या दिशेने ढकलावा. नुसतं पुढे वाकलं तर कंबर सरळच राहते आणि मणक्यांमधल्या फटी उघडत नाहीत. समोर उभ्या असलेल्या नर्सने किंवा सोबतच्या माणसाने खांदे धरून ठेवावेत. एक खांदा वर किंवा अंग तिरकं झालं तर कणा वळतो आणि सुई मधल्या रेषेवरून सरकते.

कळ येतेय असं वाटलं की हलण्याआधी तोंडाने सांगावं. "कळ येतेय" एवढे दोन शब्द पुरे. डॉक्टर सुई आहे तिथेच धरून थांबतात आणि कळ ओसरल्यावर पुढे जातात. पायात झणका किंवा विजेसारखी चमक आली तर तीही लगेच सांगावी, कोणत्या बाजूला ते धरून.

आता सुई धरणाऱ्या हातांबद्दल. टुही सुई त्वचेतून, मणक्यांमधल्या अस्थिबंधांतून लिगामेंटम फ्लेवम या जाड पट्ट्यात शिरते. तोवर सिरिंजचा दट्ट्या दाबला तरी आत जात नाही. पट्टा ओलांडल्याक्षणी विरोध संपतो, सलाईन सहज आत जातं, आणि सुई तिथेच थांबवायची असते. गरोदरपणात अस्थिबंध मऊ झालेले असतात, त्यामुळे हा बदल हाताला पुसट जाणवतो आणि पुढे जाण्याची चूक होते. सुई पुढे सरकवणाऱ्या हाताची मागची बाजू पाठीवर टेकलेली हवी, म्हणजे बाळंतीण हलली तरी हात आणि सुई तिच्याबरोबर हलतात. पट्ट्यात शिरल्यावर एकेका मिलिमीटरने जावं. सुईवर दर सेंटिमीटरला खूण असते, ती वाचत राहावी.

सिरिंजमध्ये हवेऐवजी सलाईन वापरणं बरं. ड्यूरा भेदला गेला आणि हवा आत गेली तर ती थेट डोक्याकडे चढते आणि तत्काळ, तीव्र डोकेदुखी होते. सलाईनने ही भानगड होत नाही.

एकाच फटीत पुन्हा पुन्हा प्रयत्न करण्यात शहाणपण नाही. दोन-तीन प्रयत्नांत जागा सापडली नाही तर फट बदलावी, सोनोग्राफी लावावी किंवा अधिक अनुभवी सहकाऱ्याला बोलवावं. हा निर्णय वेळेत घेतल्याने जितक्या डोकेदुख्या टळतात, तितक्या नंतरच्या कोणत्याही औषधाने टळत नाहीत. स्पायनल द्यायचं असेल किंवा एपिड्युरलबरोबर स्पायनल जोडायचं असेल, तर तिरक्या धारेच्या सुईऐवजी पेन्सिल पॉइंट (पेन्सिलसारख्या निमुळत्या टोकाची) सुई वापरावी, २५ गेज किंवा त्याहून बारीक. या सुईमुळे पडलेल्या छिद्रातून गळती कमी होते, आणि हा फायदा निर्विवाद सिद्ध झालेला आहे. ती नसेल आणि धारेची सुईच वापरावी लागली तर धार कण्याच्या लांबीला समांतर ठेवावी आणि सुई काढण्याआधी आतली तार परत बसवावी.

छिद्र पडलंच तर

टुही सुईतून कोमट पाणी वेगाने येऊ लागलं आणि थांबेना, की छिद्र पडलंय हे उघड असतं. मात्र कित्येकदा त्या वेळी काहीच दिसत नाही आणि दुसऱ्या दिवशी डोकं दुखू लागल्यावर उलगडा होतो. म्हणून "सगळं व्यवस्थित झालं होतं" या नोंदीवरून डोकेदुखी निकालात काढू नये.

त्या क्षणी दोन रस्ते असतात. पहिला, सुई काढून दुसऱ्या फटीत नव्याने एपिड्युरल बसवणं. दुसरा, त्याच छिद्रातून कॅथेटर (औषध सोडायची बारीक नळी) ड्यूराच्या आत सरकवणं आणि त्यातून स्पायनलच्या मात्रेत औषध देणं. दुसऱ्यात वेदना लगेच थांबतात आणि पुन्हा छिद्र पडण्याची भीती नसते, पण धोका गंभीर आहे: हे कॅथेटर एपिड्युरलचं समजून कुणी एपिड्युरलचा पूर्ण डोस दिला तर भूल वर छातीपर्यंत चढते, श्वास थांबू शकतो. म्हणून कॅथेटरवर, पंपावर आणि केसपेपरवर मोठ्या अक्षरांत लेबल हवं, त्यात औषध फक्त भूलतज्ज्ञांनीच घालावं आणि ड्युटी बदलताना ते तोंडी सांगावं. ही शिस्त जिथे पाळता येणार नाही तिथे पहिलाच रस्ता बरा. आतलं कॅथेटर २४ तास ठेवल्याने डोकेदुखी टळते असा एक समज आहे, पण त्याचे पुरावे एकसारखे नाहीत. तेवढ्यासाठी ते ठेवू नये.

केवळ छिद्र पडलं म्हणून सिझेरियन करण्याची गरज नसते. प्रसूती नेहमीसारखी होऊ द्यावी. डोकेदुखी सुरू होण्याआधीच कॅथेटरमधून आईचंच रक्त सोडून ठेवण्यानेही (हा ब्लड पॅच, त्याबद्दल पुढे) ती खात्रीने टळत नाही, त्यामुळे तो नेहमीचा उपाय नाही.

आईला त्याच दिवशी, स्पष्ट शब्दांत आणि घाई न करता सांगावं: छिद्र पडलं आहे, डोकं दुखण्याची शक्यता बरीच आहे, दुखलं तर असं दुखेल, आणि या नंबरवर कळवायचं. हे लपवलेलं बाळंतिणीला सगळ्यात महाग पडतं. माहीत नसलेली आई दुखणं झोप न झाल्यामुळे आहे, मान अवघडल्यामुळे आहे असं समजून चार-पाच दिवस काढते.

पहिले पाच दिवस

डोकेदुखी बहुतेकदा २४ ते ४८ तासांत सुरू होते, पाच दिवसांपर्यंत कधीही होऊ शकते. तोवर पुष्कळ जणी घरी गेलेल्या असतात. भूलतज्ज्ञांनी छिद्र पडलेल्या प्रत्येक आईची रोज चौकशी करावी, रुग्णालयात असताना समक्ष आणि घरी गेल्यावर फोनवर, डोकेदुखी पूर्ण जाईपर्यंत.

ओळखण्याची पद्धत अशी. दुखणं कपाळावर, डोळ्यांमागे किंवा डोक्याच्या मागच्या भागात असतं, मानेपर्यंत उतरतं. बसलं किंवा उभं राहिलं की साधारण १५ मिनिटांच्या आत वाढतं, आडवं झालं की तेवढ्याच वेळात कमी होतं. सोबत मान ताठ होणं, मळमळ, उजेड नकोसा वाटणं, कानात आवाज येणं, कान दडे बसल्यासारखे वाटणं, कधी एकाची दोन दिसणं. डॉक्टरांना सांगताना "डोकं दुखतंय" एवढ्यावर थांबू नये. कधी सुरू झालं, बसून किती मिनिटांत वाढतं, आडवं होऊन किती मिनिटांत उतरतं, आणि बाळाला मांडीवर घेऊन पाजता येतं का, हे सांगावं. शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरावर उपचाराचा निर्णय बऱ्याच अंशी ठरतो.

डोकेदुखी नसताना प्रतिबंध म्हणून आडवं पडून राहू नये. त्याने ती टळत नाही, आणि बाळंतपणानंतर पायात रक्ताच्या गुठळ्या होण्याचा धोका असतो तो निश्चल राहिल्याने वाढतो. हवं तसं उठावं, चालावं. डोकेदुखी सुरू झाली तर आराम वाटतो म्हणून आडवं राहायला हरकत नाही, पण पलंगावर घोटे हलवणं, दर थोड्या वेळाने कूस बदलणं आणि जमेल तेव्हा उठणं चालू ठेवावं. फार वेळ झोपून राहावं लागत असेल तर गुठळ्या टाळणाऱ्या औषधाबद्दल विचारावं.

पाण्याचंही तसंच. तहान भागेल आणि लघवी फिकट राहील इतकं पाणी प्यावं. त्याहून जास्त प्यायल्याने मेंदूभोवतीचं पाणी लवकर भरून येत नाही, फक्त लघवीसाठी पुन्हा पुन्हा उठावं लागतं आणि दर वेळी डोकं ठणकतं. उलट्यांमुळे पिता येत नसेल तरच सलाईन.

घरातल्यांनी या दिवसांत बाळ उचलून आईजवळ आणून द्यावं. कुशीवर झोपून पाजलं की डोकं न उचलता दूध देता येतं. बाळ आईच्या छातीला समोरासमोर, नाक स्तनाग्राच्या रेषेत, आणि बाळाच्या पाठीशी गुंडाळलेला टॉवेल. पाजताना सोबत कुणीतरी जागं असावं, कारण थकलेल्या आईला झोप लागू शकते. शौचाला जोर करावा लागू नये म्हणून मल मऊ करणारं औषध पहिल्यापासून घ्यावं.

औषधं

पॅरासिटामॉल १ ग्रॅम दर सहा तासांनी, २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर नाही. वजन ५० किलोपेक्षा कमी असेल किंवा यकृताचा आजार असेल तर मात्रा डॉक्टरांनी कमी करून द्यावी. त्याच्या जोडीला आयबुप्रोफेन ४०० मिलिग्रॅम दर आठ तासांनी, खाल्ल्यावर. मूत्रपिंडाचा त्रास, पोटात अल्सर, या गटातल्या गोळ्यांनी दमा उठणं, जास्त रक्तस्राव किंवा कमी प्लेटलेट यांपैकी काही असेल तर आयबुप्रोफेन टाळावं. दोन्ही औषधं स्तनपान चालू असताना घेता येतात. दुखलं की घेण्यापेक्षा घड्याळ लावून घ्यावीत. एकच पॅरासिटामॉल वेगवेगळ्या नावांच्या गोळ्यांत असतं, वेष्टन वाचून बेरीज करावी.

कॅफिनने रुंदावलेल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि काही तास बरं वाटतं. सुरुवातीच्या दिवसात वापरून पाहायला हरकत नाही, पण स्तनपान करणाऱ्या आईने दिवसाला २०० ते ३०० मिलिग्रॅमच्या पुढे जाऊ नये. चहा, कॉफी, शीतपेयं आणि गोळ्या सगळं त्यात मोजायचं. रक्तदाब जास्त असेल किंवा झटके आले असतील तर कॅफिन विचारल्याशिवाय घेऊ नये. अफूजन्य वेदनाशामकं फार थोडे दिवस, तीही डॉक्टरांच्या देखरेखीखाली. कोडीन स्तनपानात घेऊच नये, ते बाळाला गुंगी आणू शकतं.

ब्लड पॅच

गोळ्यांनी भागत नसेल आणि आईला बसून बाळाला घेता येत नसेल तर ब्लड पॅचचा विचार करावा. जेम्स गॉर्मली यांनी १९६० मध्ये तो पहिल्यांदा मांडला. आईच्याच हातातून निर्जंतुक पद्धतीने रक्त काढायचं आणि एपिड्युरल सुईने छिद्राच्या जागेजवळ, शक्यतो त्याच किंवा एक फट खाली, हळूहळू सोडायचं. रक्त वरच्या दिशेने जास्त पसरतं म्हणून खालची फट. दोन डॉक्टर लागतात: एकाने जागा शोधायची, दुसऱ्याने हातमोजे घालून हातातून रक्त घ्यायचं, कारण साठवलेलं रक्त गोठतं.

साधारण १५ ते २० मिलिलिटर सोडतात. कंबरेत, ढुंगणात किंवा पायात दाब जाणवणं अपेक्षित आहे. तो दुखू लागला की लगेच सांगावं आणि डॉक्टरांनी तिथेच थांबावं, मग ठरवलेलं प्रमाण पूर्ण झालं नसलं तरी चालेल. त्यानंतर एक-दोन तास पाठीवर आडवं राहायचं. रक्ताच्या दाबाने आराम कित्येकदा त्याच टेबलावर मिळतो, गुठळी बसून छिद्र बंद व्हायला पुढचे दिवस लागतात. म्हणून जड उचलणं, कंबरेतून वाकणं आणि जोर करणं काही दिवस टाळावं. घरी गेल्यावर बरं वाटतंय म्हणून लगेच बादली उचलली की गुठळी सुटू शकते.

छिद्र पडल्यावर पहिल्या ४८ तासांत केलेला पॅच जास्त वेळा अयशस्वी होतो. वेदना असह्य असतील तर तरीही करतात, मात्र पुन्हा करावा लागेल ही कल्पना आईला आधी द्यावी. टुही सुईच्या छिद्रानंतर एका पॅचने पूर्ण आणि कायमचा आराम साधारण एक तृतीयांश जणींना मिळतो, पूर्ण किंवा अंशतः आराम ५० ते ८० टक्के जणींना. दोन पॅचनंतरही दुखत असेल तर तिसरा करण्याआधी एमआरआय काढून दुसरं कारण शोधावं. ताप, अंगात जंतुसंसर्ग, सुईच्या जागी पू, रक्त गोठण्यात दोष किंवा नुकतंच घेतलेलं रक्त पातळ करणारं औषध असेल तर पॅच करता येत नाही. गुठळ्या टाळण्यासाठी दिलेल्या एनॉक्सापॅरिनसारख्या हेपॅरिनच्या कमी मात्रेनंतर किमान १२ तास आणि उपचाराच्या पूर्ण मात्रेनंतर २४ तास थांबतात. पॅचनंतर काही दिवस कंबर दुखणं सामान्य आहे.

सगळीच डोकेदुखी सुईमुळे नसते

एपिड्युरल झालंय म्हणून डोकेदुखी त्याचीच, असं गृहीत धरणं धोकादायक आहे. बाळंतपणानंतर डोकं दुखत असलेल्या प्रत्येकीचा रक्तदाब मोजावा, घरी असली तरी. १४०/९० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, १६०/११० किंवा जास्त असेल तर थेट रुग्णालय. प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणाशी जोडलेला, रक्तदाब वाढण्याचा आजार) प्रसूतीनंतरही, सहा आठवड्यांपर्यंत उद्भवू शकतो, आणि डोळ्यांपुढे चमकणं, वरच्या पोटात दुखणं ही त्याची लक्षणं आहेत.

याशिवाय पुढीलपैकी काही दिसलं तर रात्र आहे म्हणून थांबू नये: झटके, गुंगी किंवा गोंधळलेपण, हात-पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडणं, बोलताना अडखळणं, ताप आणि ताठ मान, अचानक वीज पडावी तशी कमाल वेदना, किंवा आडवं झालं की थांबणारी डोकेदुखी आता आडवं होऊनही न थांबणं. हा शेवटचा बदल मेंदूच्या शिरेत गुठळी किंवा मेंदूभोवती रक्तस्राव झाल्याचा इशारा असू शकतो. पाठीत वाढत जाणारी कळ, पायातला जोर जाणं, लघवी अडकणं किंवा शौचावरचा ताबा जाणं हे मणक्यात रक्त किंवा पू साठल्याचं लक्षण असू शकतं. तिथे तासातासाला महत्त्व आहे.

बऱ्याच जणींची डोकेदुखी आठवड्या-दोन आठवड्यांत आपोआप जाते. काहींना मात्र डोकं आणि पाठ महिनोन् महिने दुखत राहते, आणि बाळाला जवळ घेता न आल्याने मन खचतं. दोन आठवड्यांनंतरही दुखत असेल तर "आता काही करता येणार नाही" हे ऐकून घेऊ नये, पुन्हा भूलतज्ज्ञांकडे जावं. डिस्चार्ज कार्डवर छिद्र पडल्याची नोंद, कोणती फट, कोणत्या गेजची सुई, पॅच केला असेल तर तारीख आणि किती मिलिलिटर, हे लिहून मागून घ्यावं. पुढच्या बाळंतपणात एपिड्युरल घेता येतं. या कागदामुळे तेव्हाच्या भूलतज्ज्ञांना आधीपासून तयारी करता येते.